अलास्का क्रूझ: समोर तोंड असलेली बाल्कनी केबिन कशी निवडली आणि तिथे राहून काय वाटलं

अलास्का क्रूझ ठरली तेव्हा माझी एकच अट होती, जहाज जिकडे चाललंय ते मला माझ्या केबिनमधून दिसायला हवं. बाजूने मागे जाणारे डोंगर सगळेच बघतात, मला ते समोरून येताना बघायचे होते. भाऊ बर्नबीला राहतो त्यामुळे व्हँकुव्हरला जाणं होणारच होतं, आणि तिथून निघून परत तिथेच येणारी सात रात्रींची क्रूझ मिळत होती, केचिकन, जुनो, स्कॅगवे ही अलास्कातली बंदरं आणि मधे एक अख्खा दिवस ग्लेशियर बे, म्हणजे हिमनद्यांची खाडी. मी, नवरा आणि माझी आई, एकाच केबिनमध्ये तिघं. व्हिसाचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा आणि अमेरिकेचा दोन्ही लागतात, कॅनडाचा मल्टिपल एंट्री असलेला बरा कारण जहाज बाहेर जाऊन परत येतं. एवढं सगळं पटकन मार्गी लागलं. केबिन ठरवायला मात्र भरपूर वेळ गेला आणि मी त्याबद्दलच लिहितेय, कारण समोरच्या बाल्कनीबद्दल मला मराठीत कुठेच नीट माहिती मिळाली नव्हती आणि आता ओळखीतलं कुणीही क्रूझला निघालं की मला फोन येतो.

जहाजावर ढोबळमानाने चार प्रकार असतात, इनसाइड म्हणजे खिडकीच नाही, ओशनव्ह्यू म्हणजे न उघडणारी खिडकी, मग बाल्कनी आणि त्यावर स्वीट. बाल्कनीवाल्या जवळपास सगळ्या केबिन जहाजाच्या दोन्ही बाजूंना असतात. काही मागे, जिथून जहाजाच्या मागे पडत जाणारा फेसाळ पट्टा दिसतो, आणि अगदी मोजक्या पुढे, नाकावर. ह्या पुढच्या सगळ्या जहाजांवर नसतातच. कित्येक जहाजांवर पुढच्या केबिनला नुसती तिरकी खिडकी असते, बाल्कनी नसते. त्यामुळे "मला फॉरवर्ड बाल्कनी द्या" एवढंच एजंटला सांगून भागत नाही. मी तसं सांगितल्यावर त्याने जी केबिन काढून दाखवली ती जहाजाच्या पुढच्या भागात होती खरी पण तिचं तोंड बाजूलाच होतं. बुकिंगमध्ये फॉरवर्ड (पुढे), मिडशिप (मधोमध), आफ्ट (मागे) हे केबिन कुठे आहे त्यासाठी वापरतात, ती कुठे बघतेय त्यासाठी नाही. म्हणून डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, स्वतः उघडून बघायचा, केबिनच्या चौकोनाला लागून बाल्कनीचा जो छोटा चौकोन काढलेला असतो तो नाकाच्या दिशेला आहे का बघायचं, आणि केबिनचा नंबरच एजंटला द्यायचा.

गॅरंटी केबिन हा प्रकार तर ह्या बाबतीत पूर्ण बाजूला ठेवा. त्यात पैसे थोडे कमी लागतात पण नंबर कंपनी ठरवते, तुम्हाला फक्त प्रकाराची हमी मिळते. ज्याला कुठलीही बाल्कनी चालते त्याच्यासाठी ते उत्तम आहे, आम्हाला चालणार नव्हती. आमच्या एजंटने त्यासाठी बराच जोर लावला, वर "मॅडम फॉरवर्ड नका घेऊ, लोक परत येऊन कंप्लेंट करतात" हेही चारचारदा ऐकवलं. पण कंप्लेंट नक्की कशाची करतात हे विचारलं की त्याच्याकडे "हलतं खूप" ह्यापलीकडे उत्तर नव्हतं. मग मी ठरवलं की हे आपणच शोधायचं.

पहिली गोष्ट जी मला यूट्यूबवरच्या केबिन टूर बघून कळली आणि जी कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते, ती म्हणजे पुढच्या बाल्कनीला काचेचा कठडा बहुतेक वेळा नसतो. बाजूच्या बाल्कनीला काच असते, खुर्चीत बसून चहा पीत पाणी दिसतं. पुढे वाऱ्याचा आणि कधी लाटांचा मारा थेट असतो म्हणून तिथे जाड पोलादी भिंत असते, पांढऱ्या रंगाने रंगवलेली, साधारण छातीपर्यंत उंच. उभं राहिलं की सगळं जग समोर, बसलं की समोर पांढरा पत्रा. हे आधी माहीत असणं फार गरजेचं आहे कारण बाल्कनी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बसायची जागाच येते. मी एक युक्ती शोधली, जहाजाचे समोरून काढलेले मोठे फोटो नेटवर मिळतात, ते झूम करायचे आणि डेक मोजत वर जायचं, जिथे काच आहे तिथे आकाश चमकताना दिसतं आणि जिथे पोलाद आहे तिथे सरळ पांढरा पट्टा दिसतो. आमच्या जहाजाला सगळे पट्टेच होते. एका डेकवर बाल्कन्या खालच्यापेक्षा चांगल्या खोल दिसत होत्या कारण जहाजाचा पुढचा भाग पायऱ्यापायऱ्यांनी मागे जातो, एका डेकचं छत ते वरच्याचं अंगण होतं. तो डेक मी मनात पक्का केला.

आईचे गुडघे दुखतात, ती फार वेळ उभी राहू शकत नाही. मी तिला स्पष्ट सांगितलं की तिथे बसून काही दिसणार नाही. ती म्हणाली, "मला बघायचं असेल तेव्हा उभी राहीन गं, दिवसभर का कोणी बघत बसतं." शिवाय वरच्या डेकवर पुढच्या बाजूला पूर्ण काचेचा लाउंज आहे, तिथे आरामात बसता येतं, हे डेक प्लॅनमध्ये दिसत होतंच. म्हणून तो प्रश्न सुटला.

आता हलण्याचं. माझा मामा मर्चंट नेव्हीतून चीफ ऑफिसर म्हणून रिटायर झालाय, त्याला डेक प्लॅन पाठवला आणि रात्री फोन लावला. तो म्हणाला, "हे बघ, जहाज दोन प्रकारे हलतं. एक डावी-उजवीकडे कलतं, तो रोल. दुसरं, नाक वर जातं, शेपूट खाली जाते आणि मग उलट, तो पिच. रोलसाठी पॅसेंजर जहाजांना पाण्याखाली पंख असतात, स्टॅबिलायझर, ते रोल बराच मारतात. पिचला त्यांचा उपयोग नाही. आणि पिच मधोमध सगळ्यात कमी, टोकाला सगळ्यात जास्त. तू टोकाला राहायचं म्हणतेयस." एसटीच्या मागच्या सीटवर खड्डा जसा लागतो तसं, हे मला लगेच समजलं. मग त्याने विचारलं, "रूट काय?" मी म्हणलं व्हँकुव्हरहून इनसाइड पॅसेज. तर म्हणाला, "मग घे."

ह्या एका प्रश्नाने माझा सगळा गोंधळ मिटला म्हणून जरा नीट सांगते. अलास्काच्या बऱ्याच क्रूझ सिॲटलहून निघतात, त्या सहसा व्हँकुव्हर आयलंडच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात, तिथे मोठ्या लाटांना आडवं काही नसतं. व्हँकुव्हरहून निघणारं जहाज बेट आणि मुख्य जमीन ह्यांच्यामधल्या पाण्यातून जातं, हाच इनसाइड पॅसेज, दोन्हीकडे डोंगर, लाटा फारशा नाहीतच. मधे थोडे उघडे तुकडे येतात, क्वीन शार्लट साउंड आणि पुढे डिक्सन एंट्रन्स, तेवढे काही तास सोडले तर पाणी शांत. आणि व्हँकुव्हरहून एकाच दिशेने व्हिटियर किंवा सीवर्डला जाणाऱ्या ज्या क्रूझ आहेत त्या शेवटी गल्फ ऑफ अलास्का ओलांडतात, म्हणजे परत उघडा समुद्र. म्हणजे पुढची केबिन चांगली की वाईट हे जहाज बघून ठरत नाही, रूट बघून ठरतं. हीच केबिन मी उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावर फुकट दिली तरी घेणार नाही, आणि इनसाइड पॅसेजला मला दुसरी कुठलीही नको.

इनसाइड पॅसेजमध्ये तिचा अजून एक मोठा फायदा आहे. अलास्काला जाणारा प्रत्येक जण विचारतो, पोर्ट साइड (डावी) घेऊ की स्टारबोर्ड (उजवी)? दोन्हीकडे किनारा असतो, एका बाजूची बाल्कनी घेतली की अर्धा देखावा दुसऱ्याच्या बाल्कनीत जातो, कुठे व्हेल दिसला म्हणून घोषणा झाली की लोक कॅमेरे घेऊन डेकवर धावतात. समोर उभं राहिलं की दोन्ही किनारे दिसतात आणि मधलं पाणीही.

वाऱ्याचा हिशोबही मामानेच करून दिला. जहाज १८ नॉट्सने चाललं तर ताशी ३३ किलोमीटर, म्हणजे हवा अगदी स्तब्ध असली तरी तुमच्या तोंडावर ३३ चा वारा. समोरून २० नॉट्सचा वारा असला तर दोन्ही मिळून ३८, ताशी ७० किलोमीटर. आणि वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. अशा वेळी पुढच्या बाल्कनीत उभं राहणं शक्यच नसतं, कंपनीच दारं उघडू नका म्हणून सांगते. त्याने स्वच्छ सांगितलं की पूर्ण स्पीडमध्ये असताना ती बाल्कनी तुझी नाही, पण बंदरात शिरताना, निघताना, अरुंद जागेतून जाताना आणि ग्लेशियरजवळ स्पीड कमी असतो, तेव्हा ती तुझी. मला हवं होतं ते नेमकं त्याच वेळचं होतं.

अजून दोन-तीन गोष्टी बघून घेतल्या. वरच्या आणि खालच्या डेकवर काय आहे ते दोन डेक प्लॅन एकावर एक धरून बघायचं, वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली थिएटर असेल तर रात्री ड्रम. पुढच्या टोकाला अगदी खालच्या डेकवर नांगराच्या साखळीचा आणि बो थ्रस्टरचा आवाज येतो, बो थ्रस्टर म्हणजे नाकाजवळ पाण्याखाली आडवे बसवलेले पंखे, बंदराला लागताना जहाज बाजूला सरकवायला, आणि जहाजं बंदराला बहुधा सकाळी लवकर लागतात, म्हणजे साखरझोपेतच. आम्ही बरेच वर होतो त्यामुळे तो त्रास नव्हता. भाव बाजूच्या बाल्कनीसारखाच होता, निदान आमच्या जहाजावर ती वेगळी महागडी कॅटेगरी नव्हती, तिसऱ्या माणसाचं भाडं कमी लागलं, पोर्ट टॅक्स आणि टिप्स वेगळ्या. लिफ्टपासून मात्र लांब पडते, लांबच लांब कॉरिडॉर, आईला तो रोज नकोसा व्हायचा.

कॅनडा प्लेसला, म्हणजे व्हँकुव्हरच्या क्रूझ टर्मिनलला, चेक-इन करताना अमेरिकेचं इमिग्रेशनही तिथेच होतं, लाइन मोठी होती, ते सोडून देते. केबिनमध्ये गेल्यावर पहिल्यांदा दिसलं ते टेबलावरचं कार्ड. सूर्यास्तानंतर पडदे पूर्ण बंद ठेवा, बाल्कनीतला दिवा लावू नका. मामाने हे आधीच सांगितलं होतं. ब्रिजवरचे, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतले ऑफिसर रात्री जवळजवळ अंधारात बसून समोर बघत असतात, त्यांच्या पुढे कुणाच्या खोलीतला उजेड पडला तर त्यांना लांबचे छोटे दिवे दिसत नाहीत. समुद्रावर टक्कर टाळण्याचे जे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यातला २० वा नियमच आहे की टेहळणीत अडथळा येईल असा दुसरा कुठलाही दिवा रात्री लावायचा नाही. बाजूच्या बाल्कनीवाल्यांना असलं काही कार्ड नसतं. मला ते वाचून आपण खरंच जहाजाच्या नाकावर राहतोय हे जाणवलं आणि खूप भारी वाटलं.

केबिन स्टुअर्ड मडगावचा निघाला. आमचं बोलणं ऐकलं आणि कोकणी मिसळलेल्या मराठीत सुरू झाला, आई तर एकदम खूष. त्याने बाल्कनीचं दार कसं उघडायचं ते दाखवलं आणि हे नीट वाचा, कारण हे कुणी सांगत नाही. आधी कॉरिडॉरचं दार बंद आहे ना बघायचं. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी राहिली की वारा बाल्कनीतून घुसून कॉरिडॉरकडे सुटतो, मधलं सगळं उडतं आणि दार ज्या जोरात आपटतं त्यात बोट सापडलं तर संपलंच. म्हणून एकाने आत-बाहेर करताना दुसऱ्याने बाल्कनीला हात लावायचा नाही, आम्ही घरात असा नियमच केला, ओरडून विचारायचं "बाहेरचं बंद आहे का?" मग दुसरं उघडायचं. हँडल पूर्ण फिरवून दार स्वतःच्या ताब्यात ठेवत हळूहळू ढकलायचं, आणि खांद्याने नाही तर दोन्ही तळहातांनी. बाहेर ओला टॉवेल, टोपी, कागदी कप काहीही ठेवायचं नाही. खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवायच्या.

जहाज निघाल्यावर लगेच लायन्स गेट ब्रिज येतो. १९३८ चा झुलता पूल, पाण्यापासून साधारण ६१ मीटर उंच. समोरच्या बाल्कनीतून तो पूल लांबून येताना दिसतो, सुरुवातीला एक हिरवी रेघ, मग त्यावरच्या गाड्या दिसायला लागतात, मग जवळ आल्यावर खरंच वाटतं की आपण खालून जाणार नाही, धडकणार. नवरा तोवर आत कपडे लावत होता, त्याला हाका मारून बाहेर बोलावलं. आई कठड्याला दोन्ही हात लावून उभी होती, हनुवटी जेमतेम वर, आणि पूल डोक्यावरून गेला तेव्हा तिने मान मागे टाकून थेट त्याच्या पोटाकडे बघितलं, खालच्या बाजूचे लोखंडी तिरपे गर्डर, सगळं. पुलावरून जाणारे लोक हात हलवत होते. ह्या सगळ्या वेळात स्पीड कमी असल्यामुळे वारा नुसता केस उडवण्याइतका होता.

रात्री उशिरा सीमोर नॅरोज येणार हे मला माहीत होतं त्यामुळे मी झोपलेच नाही. कॅम्पबेल रिव्हर गावाच्या वर ही चिंचोळी जागा आहे, साधारण पाऊण किलोमीटर रुंद, आणि भरती-ओहोटीचं पाणी इथून १५ नॉट्सपर्यंत वाहू शकतं. म्हणून मोठी जहाजं प्रवाह मंदावण्याची वेळ साधून जातात. पूर्वी इथे पाण्याखाली रिपल रॉक नावाचा दोन शेंड्यांचा खडक होता, शंभरावर बोटी त्याने खराब केल्या किंवा बुडवल्या, शेवटी १९५८ मध्ये खालून बोगदा खणून स्फोटकं भरून तो उडवला. कार्डावरच्या नियमाचं मूळ उजेडात आहे, त्यामुळे आम्ही केबिनमधले सगळे दिवे बंद केले, बाथरूमचासुद्धा, फोन उशीखाली ठेवले, आणि मग पडदा बाजूला केला. सुरुवातीला काही दिसत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ धीर धरायचा. मग दोन्हीकडचे डोंगर आकाशापेक्षा काळे दिसायला लागले, मधे पाण्याचा करडा पट्टा, आणि लांब समोर एकावर एक पांढरे दिवे, खाली एक लाल. मामाने शिकवलं होतं, लाल म्हणजे त्याची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी, दोन्ही एकदम दिसले तर तो थेट आपल्याकडे येतोय, आणि एकावर एक पांढरे म्हणजे तो मागे काहीतरी ओढतोय. टगच होता, म्हणजे ओढणारी बोट. आमच्या डाव्या अंगाने तो हळूहळू गेला आणि त्याच्यामागे बऱ्याच अंतरावर काळा लांबलचक बार्ज, म्हणजे मालाचा सपाट तराफा. हे बाजूच्या बाल्कनीत उभ्या असलेल्या माणसाला अगदी शेजारी आल्यावर दिसलं असेल. मी ते आधीपासून बघत होते, त्याचे दिवे ओळखले होते, तो कुठून जाणार ह्याचा अंदाज बांधला होता आणि तो बरोबर निघाला. मला आजपर्यंत प्रवासात इतका आनंद क्वचित झालाय.

दुसऱ्या दिवशी क्वीन शार्लट साउंड. इथे मामाचा पिच कळला. बेडवर पडलं की पाय वर जातायत आणि मग डोकं वर जातंय असं संथ, पण सतत, आणि मधूनच खालून धप्प आवाज, नाक पाण्यात आपटल्याचा. दाराच्या फटीतून वाऱ्याची बारीक शिट्टी सुरू झाली ती थांबेचना. बाल्कनी बंद ठेवा अशी घोषणाही झाली. आईला मळमळायला लागलं. तिने ॲव्होमिन सकाळीच घ्यायला हवी होती पण त्याने गुंगी येते म्हणून टाळत होती, शेवटी घेतली आणि आम्ही तिला केबिनमधून उठवून मिडशिपला खालच्या डेकवर नेऊन बसवलं, खिडकीजवळ, क्षितिजाकडे बघत, हातात आलेपाक. अर्ध्या तासात बरं वाटलं. पुढच्या केबिनवाल्यांनी हे लक्षात ठेवा, त्रास होतोय म्हटल्यावर केबिनमध्ये पडून राहू नका, जहाजाच्या पोटात, मधोमध जा. दुपारनंतर परत आडोशाचं पाणी लागलं आणि सगळं शांत झालं.

अजून एक त्रास, भोंगा. एका पहाटे दाट धुकं पडलं. धुक्यात चालत्या जहाजाला जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यावाच लागतो, चार ते सहा सेकंदांचा. आणि तो बऱ्याच जहाजांवर पुढेच कुठेतरी वर असतो. आमच्या केबिनमध्ये छातीत घुमत होता. दोन मिनिटं झाली की परत. स्टुअर्डने इअरप्लग दिले, नवरा झोपला, आई आणि मी चहा मागवून बसलो. समोर नुसतं पांढरं. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी ह्याचा विचार जरूर करावा.

आता ग्लेशियर बे, ज्यासाठी सगळं केलं. दिवसाला फक्त दोन क्रूझ जहाजांना आत सोडतात. मुखाशी ग्लेशियर बे नॅशनल पार्कचे रेंजर बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माइकवरून माहिती देतात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर ह्या ब्रिटिश दर्यावर्दीची माणसं इथे आली तेव्हा ही खाडी नव्हतीच, मुखाशीच बर्फाची भिंत होती. १९१६ पर्यंत तो बर्फ ६५ मैल मागे गेला, शंभर किलोमीटरच्या वर. आपण दिवसभर ज्या पाण्यावरून आत जातो तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होता, आणि हे समोर उभं राहून बघताना वेगळंच कळतं, कारण मुखाजवळ काळं घनदाट जंगल, मग झाडं बुटकी होत जातात, मग नुसती झुडपं, मग उघडा खडक. जितकं आत जाऊ तितका बर्फ अलीकडच्या काळात मागे सरकलेला. ही क्रमवार बदलत जाणारी जमीन आमच्यासमोर दोन्ही बाजूंनी उलगडत होती. खालच्या भागात व्हेल जास्त असले की १३ नॉट्सची वेगमर्यादा घालतात, आत तर जहाज त्याहून हळू जातं, म्हणजे वारा जवळपास नाहीच. थंडी मात्र आहे, बर्फावरून उतरून येणारा गार झोत आहे, जून असूनही आम्ही टोपी, मोजे, दोन स्वेटर घातले होते. पाण्यावर आधी मुठीएवढे तुकडे आले, मग टेबलाएवढे, एकावर सील पहुडलेला.

खाली नाकावरचा डेक त्या दिवशी सगळ्या प्रवाशांसाठी उघडला होता, तिथे गर्दी झाली, लोक वर आमच्याकडे बघत होते. त्यामुळे त्या दिवशी पुढच्या बाल्कनीत प्रायव्हसी नसते हे धरून चाला, नाइट ड्रेसमध्ये बाहेर येऊ नका. मार्जरी ग्लेशियर एका वळणानंतर दिसला, दीड किलोमीटरच्या वर रुंद निळसर भिंत, मागे चौतीस किलोमीटर वर डोंगरात गेलेली. समोर पोचल्यावर जहाज जागच्या जागी सावकाश फिरवतात म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कनींना सारखा वेळ मिळतो, तेव्हा आमच्या वाट्याला ग्लेशियर कमीच आला, नाक दुसरीकडे वळलेलं. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या वेळात आम्ही वरच्या डेकवर गेलो. आई लाउंजमध्ये काचेला खुर्ची लावून बसली होती, मांडीवर ब्लँकेट, तिने बर्फाचा एक मोठा कडा पडताना बघितला, आधी दिसला आणि आवाज नंतर आला म्हणाली. मला तो आवाज फक्त ऐकू आला. पण आत जातानाचे ते तास, वळण यायच्या आधी पुढे काय असेल ह्याची वाट बघत कठड्याला टेकून उभं राहणं, त्याची बरोबरी मला कशाशी करता येत नाही.

नवऱ्याला विचारलं तर तो पुढच्या वेळी मागची बाल्कनी घेऊ म्हणतो, तिथे वारा नसतो, बसून कॉफी पिता येते. प्रोपेलरचं कंपन जाणवतं तिथे आणि कधी धुराड्याची काजळी खुर्च्यांवर पडते, ते मी त्याला सांगितलंय. आमचं अजून ठरलेलं नाही, नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाड्या, करायचे मनात आहेत, तिथेही आडोशाचं पाणी आणि मधे नॉर्थ सीचा उघडा तुकडा असं मिश्रण आहे, मामाला रूट पाठवलाय.

लहान मूल बरोबर असेल तर घ्यावी का, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. तीन-चार वर्षांचं असेल तर माझं मत नको. कठड्यावरून त्याला काही दिसत नाही, मग ते खुर्चीवर चढायला बघणार आणि ते अजिबात चालणार नाही, दार त्याला झेपत नाही, आणि रात्री त्याच्यासाठी दिवा लावावा लागला की पडदे बंद. दहा-बारा वर्षांचं असेल, आकाशातले तारे, जहाजाचे दिवे असलं काही आवडत असेल, तर मात्र जरूर घ्या. आणि ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांना पोलादी कठड्याचं आणि लांब कॉरिडॉरचं आधी सांगा, त्यांनाच ठरवू द्या. आईचं म्हणणं आहे की केबिन छान होती, फक्त लिफ्ट जवळ हवी होती.